पूर्णेचे पाणी कोणाचे?



पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यात भूजलच खारे. विहीर खणून पीक जगत नाही. शेतकऱ्याचा आधार पाऊस आणि नदी. हवामान तापत चालले तसा पाऊस मोजक्या दिवसांत कोसळू लागला आहे. जुलै 2023 मध्ये संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांत पुराने शेते खरवडून नेली. पूर ओसरला की नदी आटते. म्हणून साठवण हवीच. परंतु धरणाने साठा होतो, न्याय आपोआप होत नाही. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पुरंदर तालुक्यात जमिनीच्या नव्हे, माणसांच्या प्रमाणात पाणी वाटले. भूमिहीनालाही वाटा दिला, उसाला मनाई केली. पूर्णेवरील जिगाव प्रकल्पाच्या पाण्याला हाच दंडक लागला पाहिजे. ही मागणी बुलढाण्यातूनच उठावी.