उद्या बोलू
(श्री विठ्ठल-रुक्मिणी मंदिराच्या जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



बांधकामाचा जमाखर्च चिटणीसांनी आताच वाचून दाखविला. त्या जमाखर्चात न बसणारी एक गोष्ट मला सांगावयाची आहे.

पाया भरून झाला त्या सुमारास एके संध्याकाळी मी घाईने घरी निघालो होतो. आपल्या भजनी मंडळातले एक जुने टाळकरी पारावर बसले होते. "गुरुजी, जरा बसा, बोलायचं हाये," असे ते म्हणाले. गाडी न थांबवताच मी म्हणालो, "उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी काकड्याच्या आधीच निरोप आला, रात्री झोपेतच ते गेले. आजार नाही, काही नाही. दिवसभर द्राक्षबागेत काम केलेला माणूस. त्यांना काय सांगावयाचे होते? वर्गणीचे असेल, मुलीच्या स्थळाचे असेल, नाहीतर नुसते पाऊसपाण्याचे. त्यांच्या घरीही कुणाला ठाऊक नव्हते.

दशक्रियेला रामकुंडावर बसलो असताना मला निवृत्तीनाथांची आठवण झाली. पौष वद्य एकादशीला आपली दिंडी त्र्यंबकेश्वरी त्यांच्या समाधीला जाते. पण त्या थोरल्या भावावर काय गुदरले, याचा विचार आपण वाटेने कितीसा करतो? शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६ च्या कार्तिकात आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली. पुढच्याच महिन्यात सासवडला सोपानदेव गेले. ही दोन्ही जाणी सांगून-सवरून, संतमेळ्याच्या साक्षीने झालेली. मुक्ताबाईचे तसे नव्हते. वैशाखात तापीतीरी मेहूणला वीज कडाडली आणि बरोबर असलेली बहीण दिसेनाशी झाली, असे परंपरा सांगते. वय जेमतेम अठरा. निरोप नाही, नमस्कार नाही. त्यानंतर महिनाभरातच, ज्येष्ठात, निवृत्तीनाथांनी त्र्यंबकेश्वरी देह ठेवला. ते ज्ञानदेवांचे गुरू. तरी समाधीच्या प्रसंगी त्यांनी केलेला शोक नामदेवरायांनी अभंगांतून सांगितला आहे. ज्ञानी माणसाने रडू नये असे कोणी म्हणो, मला तर ते रडणेच फार जवळचे वाटते.

आणि त्या मुक्ताबाईचे आपल्या तोंडी काय राहिले? ताटीचे अभंग! ताटी म्हणजे झोपडीचे दार. लोकांच्या बोलण्याने कष्टी होऊन ज्ञानदेव दार लावून आत बसले, आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून त्यांची समजूत घालू लागली. अहो, भाऊ रुसला, बहिणीने दार वाजविले, हा कुठल्याही घरातला प्रसंग. मुक्ताबाई "उद्या बोलू" म्हणून दारातून परत फिरली असती तर? सातशे वर्षे आपण जे गातो, ते एका दारातले बोलणे आहे.

आपल्याकडे घरातून निघताना कोणी "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतात. चुकून "जातो" म्हटले तर आजी रागावत असे. लहानपणी मला ही नुसती रीत वाटे. आता तसे वाटत नाही. वारकरी भेटताच एकमेकांच्या पाया पडतात, वय पाहत नाहीत, जात विचारत नाहीत. तेही मला आता निराळे दिसते.

आता थोडे आपल्या कामाविषयी. जुना पार काढून तेथे गाड्यांसाठी फरशी करावी, अशी एक सूचना बैठकीत आली होती. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, उत्सवात गाड्यांची अडचण होतेच. मी मात्र हट्ट धरला. तेव्हा कारण सांगावयाचा धीर झाला नाही, आज सांगितले. मंडळींनी माझा हट्ट मानला. गाड्यांची सोय शाळेच्या मागे झाली आणि पार दगडाने बांधून निघाला, याबद्दल मी बांधकाम समितीचा ऋणी आहे.

त्या टाळकरीबुवांचे नाव देणगीदारांच्या फलकावर नाही. त्यांचे टाळ त्यांच्या मुलाने मंदिरात आणून दिले आहेत, वीणेशेजारी ठेवले आहेत. हरिपाठ रोज संध्याकाळी सातला सुरू होतो. मी साडेसहापासून पारावर असतो.

रामकृष्णहरि.