गल्ला लोकांच्या शेजारात
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘अमेरिकेतील अनुभव’ असा विषय दिला होता. पण तिथल्या नोकऱ्या, मॉल आणि बर्फ यांच्या गोष्टी आता प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी सांगतच असतं. म्हणून मी ठरवलं की आपल्याबद्दल बोलायचंच नाही, शेजाऱ्यांबद्दल बोलायचं.

मी राहते ते साउथ कॅरोलायना राज्यात, चार्ल्स्टन शहराजवळ. दमट हवा, खाड्या, भरती-ओहोटी, कोळंबी आणि भात. कोकणातल्या माणसाला परकं वाटू नये असं सगळं. त्या किनाऱ्यावर आणि जवळच्या बेटांवर जे कृष्णवर्णीय लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात त्यांना ‘गल्ला’ म्हणतात. दुकानातल्या गल्ल्याशी त्याचा काही संबंध नाही, हे मागच्या रांगेसाठी सांगते! शेजारच्या जॉर्जियात त्यांनाच ‘गीची’ म्हणतात. नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतच्या या पट्ट्याला 2006 साली अमेरिकन संसदेने वारसा क्षेत्र म्हणून मान्यता दिली.

हे लोक तिथे आले कसे, तर भातामुळे. इंग्रज मळेवाल्यांना भातशेतीतून पैसा दिसत होता, पण दलदलीत भात पिकवण्याची विद्या आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांकडे होती. सिएरा लिओन आणि सेनेगांबियाकडच्या भातवाल्या प्रदेशांतल्या माणसांना चार्ल्स्टनच्या बाजारात मागणी असे. त्यांना गुलाम करून आणलं, आणि त्यांच्याच हातून नद्यांच्या काठी मैलोन्‌मैल बांध घालून घेतले. आपल्या खारबांधाला जशा उघड्या असतात, तशी लाकडी दारं त्या बांधांना होती. फरक इतकाच की आपण खारं पाणी बाहेर ठेवतो, आणि तिथे भरतीने फुगलेलं नदीचं गोडं पाणी शेतात घ्यायचे. मलेरियाच्या भीतीने गोरे मालक उन्हाळाभर मळ्यांपासून दूर राहत. बेटांना पूल नव्हते. त्यामुळे या माणसांची भाषा, स्वयंपाक, गाणी इतर ठिकाणांपेक्षा जास्त टिकली.

त्यांची टोपली हे त्याचं उत्तम उदाहरण. आज येताना एक आणली आहे, ती मागे टेबलावर ठेवली आहे. हुंगून बघा, वाळलेल्या गवताचा वास अजून येतो. ही बांबूच्या टोपलीसारखी विणलेली नाही. ‘स्वीटग्रास’ नावाच्या गवताची जुडी गोल गोल फिरवत न्यायची आणि ताडासारख्या पामेटो झाडाच्या पानाच्या पट्टीने प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला शिवून टाकायचा. भोक पाडायला सुईसुद्धा लागत नाही. जुन्या चमच्याचा दांडा घासून त्याचंच हत्यार करतात. आज या टोपल्या संग्रहालयांत दिसतात, मेरी जॅक्सन या टोपलीकर्तीला 2008 साली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. पण मुळात ही शोभेची वस्तू नव्हतीच. सगळ्यात जुनी टोपली म्हणजे रुंद, उथळ, भात पाखडायची. आपलं सूपच, फक्त गोल. उखळात कांडायचं, टोपलीत घालून वाऱ्यावर उडवायचं. माझी आजी ते काम बघून एक शब्द न बोलता मदतीला बसली असती.

जेवणाचं थोडक्यात सांगते, नाहीतर सगळे उठून पंगतीकडे जातील. टोमॅटो घातलेला लाल भात, भेंडी आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी भातात शिजवलेली चवळी. शेंगदाण्याला दक्षिण अमेरिकन राज्यांत ‘गूबर’ म्हणतात, तो शब्दही आफ्रिकेतल्या किंबुंदू भाषेतून आलेला.

आता भाषेबद्दल, कारण समोर भाषा शिकवणारे गुरुजन बसले आहेत. गल्ला भाषेत शब्द बहुतेक इंग्रजीचे, पण वाक्यांची ठेवण आणि सूर आफ्रिकन. त्यात ‘तो’, ‘ती’, ‘ते’ सगळ्यांना एकच सर्वनाम. आपल्या वर्गातल्या काही जणांचे लिंगविचारात गेलेले मार्क तिथे वाचले असते. फार वर्षं लोक हिला अडाण्यांचं मोडकं इंग्रजी म्हणत, आणि मुलं शाळेत ती बोलायला लाजत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस जॉर्जियातल्या पिन पॉइंट गावचे. सुनावणीत आपण फारसं का बोलत नाही, याचं एक कारण त्यांनी 2000 साली शाळकरी मुलांना सांगितलं होतं: लहानपणी या बोलीवरून मुलं चिडवत, म्हणून ऐकण्याची सवय लागली. मालवणीत उत्तर दिलं म्हणून वर्ग हसला, असे प्रसंग आपल्यातल्या कितीजणांच्या लक्षात आहेत ते मी विचारत नाही.

हे मत बदललं ते लोरेन्झो डाउ टर्नर या कृष्णवर्णीय प्राध्यापकामुळे. ते 1930च्या दशकात ध्वनिमुद्रणाचं जड यंत्र घेऊन बेटांवर फिरले, आफ्रिकन भाषा शिकले, आणि 1949 साली ग्रंथ लिहून गल्लात आफ्रिकन मुळाचे हजारो शब्द आणि नावं आहेत हे दाखवून दिलं. त्यांना सापडलेली गंमत अशी की प्रत्येकाला दोन नावं. एक शाळेत आणि कागदावर सांगायचं इंग्रजी नाव, दुसरं घरातलं ‘टोपलीतलं नाव’, बहुधा आफ्रिकन. आपण पाळण्यातलं नाव म्हणतो तसंच. आधीच्या अभ्यासकांना लोकांनी फक्त पहिलं सांगितलं होतं.

टर्नरांनी जॉर्जियातल्या हॅरिस नेक गावी अमेलिया डॉली या बाईंकडून एक छोटं गाणं मुद्रित केलं. शब्दांचा अर्थ त्यांना माहीत नव्हता, आईकडून आलं म्हणून त्या गात. पुढे कळलं की भाषा सिएरा लिओनमधली मेंडे आहे, आणि तिथल्या एका भाषाभ्यासकाने ओळखलं की त्यातला एक शब्द विशिष्ट भागातच बोलला जातो. संशोधक जोसेफ ओपाला आणि सिंथिया श्मिट यांनी माग काढला. श्मिट गावोगाव मुद्रण ऐकवत गेल्या, आणि सेनेहुन न्गोला गावात बेंदू जबाती नावाच्या बाईंनी ते गाणं स्वतःच म्हणून दाखवलं. त्यांच्या आजीने ते शिकवलं होतं. तिथे ते मर्तिकाचं गाणं होतं, कबरीपाशी बायकांनी म्हणायचं. समुद्रापलीकडे त्याचं मुलांचं खेळगाणं झालं होतं. अमेलियाबाईंच्या कन्या मेरी मोरान यांना ते पाठ होतं. मधल्या यादवीमुळे भेट लांबली. शेवटी 1997 साली त्या सिएरा लिओनला गेल्या. यावर 1998 साली एक माहितीपट निघाला, शक्य झालं तर जरूर बघा.

इथपर्यंत ऐकून वाटेल की सगळं छान टिकलं आहे. तसं नाही, आणि अडचण जमिनीची आहे. तुम्हा गाववाल्यांना ती लगेच कळेल. गुलामगिरी संपल्यावर या लोकांनी थोडी थोडी जमीन विकत घेतली. मृत्युपत्र करायची पद्धत नव्हती, तेव्हा जमीन सगळ्या वारसांची सामायिक राहिली. आपल्या सातबाऱ्यावरची नावांची ती लांबलचक रांग आठवा, मुंबईच्या चुलत्यापासून सगळी. 1956 साली हिल्टन हेड बेटाला पूल झाला, मग गोल्फची मैदानं आणि हॉटेलं आली. एखाद्या दूरच्या वारसाचा हिस्सा बिल्डरने घ्यायचा, कोर्टात वाटप मागायचं, आणि संपूर्ण जमिनीचा लिलाव. पिढ्यान्‌पिढ्या कसणारे बाहेर. साउथ कॅरोलायनात 2016 साली कायदा बदलला. आता कुणी कोर्टात जमीन विकून वाटप मागितलं तर आधी बाकीच्या वारसांना तो हिस्सा रास्त किमतीत घेण्याची संधी द्यावी लागते. त्या कायद्याला सिनेटर क्लेमेंटा पिंकनी यांचं नाव आहे. 2015 साली चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी ज्या नऊ जणांना गोळ्या घातल्या, त्यांतले ते एक.

टोपलीचं गवतही याच पेचात आहे. ते समुद्रकाठच्या वाळूत उगवतं, आणि तिथे आता फाटकं लावलेल्या वसाहती आहेत. गवत कापायला जायचं तर पहारेकऱ्याची परवानगी. कित्येकजण दुसऱ्या राज्यातून गवत आणतात.

आणि मेरी मोरान यांचं हॅरिस नेक? ते 1942 साली लष्करी विमानतळासाठी सरकारने घेतलं, लोकांना अगदी थोड्या मुदतीत घरं सोडावी लागली. युद्ध संपलं, पण जमीन परत मिळाली नाही. 1962पासून तिथे पक्ष्यांचं अभयारण्य आहे. मी ते बघून आले, बगळे फार सुरेख दिसतात. त्या गाण्याचं आफ्रिकेतलं गाव सापडलं, पण ज्या गावात अमेलियाबाई ते गात होत्या, तिथे आज त्यांच्या कुटुंबाचं घर नाही. मूळ रहिवाशांचे वंशज दशकानुदशकं जमीन परत मागत आले आहेत.

वेळेची चिठ्ठी आली आहे, म्हणून थांबते. टोपली कार्यक्रम संपेपर्यंत टेबलावर आहे. सगळ्यांनी बघा, फक्त तिच्यात चहाचे कप ठेवू नका.