आजी, जेवलीस का?

आज माइकपुढं आम्ही तिघी बसलोय, पण बोलणं अकरा जणींच्या गटाचं आहे. आणि सुरुवात आमच्या चुकीपासूनच करायची, असं काल रात्री बैठकीत ठरलं. एकजण म्हणाली, "रेडिओवर सगळा तालुका ऐकतो गं." दुसरी म्हणाली, "म्हणूनच सांगायचं."

आमचा भाग खानापूर-आटपाडीचा. इथली पोरं सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली. कुणी कोइमतूरला, कुणी कोलकात्याला, कुणी पार केरळात. घरं बांधलीत मोठी, पण घरात बहुतेक म्हातारा-म्हातारीच. पोरगा रोज फोन करतो, "आई, गोळी घेतलीस का?" आणि आई रोज म्हणते, "घेतली." ती खरं सांगते की पोराच्या जिवाला घोर नको म्हणून सांगते, हे एवढ्या लांबून त्याला कसं कळावं?

साखरेचा आजार आता शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचा राहिलेला नाही. २०२३ साली देशभराच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले, त्यात मधुमेह असलेली माणसं १० कोटींच्या वर निघाली. आमच्या वाडीत आशाताईंबरोबर घरोघरी फिरलो, तेव्हा आमच्याच सासवांपैकी सात जणींना साखर होती. तिघींना तर तोवर ते ठाऊकच नव्हतं. रात्री चारदा उठावं लागतं, पायाला मुंग्या येतात, हे सगळं वयाच्या खात्यावर टाकलेलं.

मग आम्ही मोठ्या हौसेनं एक काम केलं. सातही जणींच्या फोनमध्ये सकाळी आठचा गजर लावून दिला. साधे बटणांचे फोन, पण गजर त्यातही असतो. आठ वाजले की वाडीभर एकदम टिणटिण. आम्हाला फार भारी वाटायचं. आठवडाभरात गोळ्यांच्या पाकिटात रिकामे खड्डे वेळेवर दिसायला लागले.

आणि आषाढी एकादशी आली.

आमच्यातल्या एकीच्या सासूबाई, वय सत्तरीच्या पुढं, कडक एकादशी करतात. सकाळी बिनसाखरेचा कोरा चहा तेवढा घेतला. आठला गजर झाला. पोरींनी सांगितलंय म्हणून गोळी घेतली. त्यांना दोन गोळ्या होत्या. त्यातली एक अशी, की पोटात अन्न असो नसो, ती शरीराला इन्शुलिन सोडायला लावते आणि साखर खाली ओढते. दुपारी बाराच्या सुमारास त्या गोठ्यात उभ्या राहून म्हशीला भलत्याच नावानं हाक मारत होत्या. सून म्हणाली, "आत्या, घरात चला." तर तिच्यावरच ओरडल्या. बोलणं अडखळत होतं. शेजारणी जमल्या. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं एकादशीला देवच बोलतोय. खरं सांगायचं तर आमच्यातल्या दोघींनी हातसुद्धा जोडले.

नववीतल्या नातीनं मात्र फळीवरचं मीटर आणलं आणि आजीच्या बोटाला सुई टोचली. ४८ आलं.

मैत्रिणींनो, ७० हा आकडा पाठ करा. त्याच्या खाली साखर गेली की ती वाढलेल्या साखरेपेक्षा तातडीची गोष्ट असते. तरण्या माणसाला घाम फुटतो, हातपाय कापतात, भूक लागते. म्हाताऱ्या माणसात पुष्कळदा यातलं काहीच दिसत नाही. नुसतं बोलणं बरळल्यासारखं होतं, स्वभाव बदलतो, तोल जातो. आणि आपण म्हणतो, म्हातारी चळली.

नातीनं तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. आजी शुद्धीवर होत्या, गिळत होत्या म्हणूनच पाजली. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. अशा माणसाला कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन लावायचा. इथं पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, ६६. पुन्हा साखरपाणी. मग ९० च्या वर आली, तेव्हा आजींनी पहिला प्रश्न विचारला, "माझी एकादशी मोडली का गं?"

त्या गोळीचा असर दिवसभर टिकतो आणि साखर पुन्हा घसरू शकते, म्हणून त्यांना भाकरी खायला घालून तसंच प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टर आमच्यावर चिडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "गजर कुणी लावला होता?" आम्ही सगळ्या खाली बघायला लागलो.

त्या रात्री एकजण म्हणाली, बंद करा ते फोनबिन. पण गजर लावण्याआधी याच आजी आठवड्यातून तीनदा गोळी विसरायच्या, हेही खरं होतं. फोन आठवण करतो, पण समोरचं माणूस जेवलंय का हे तो विचारत नाही. ते आपण विचारायचं असतं.

म्हणून आता गजराची टिणटिण काढली. ज्या फोनमध्ये जमतं, तिथं नातवंडाचा आवाज भरून तोच गजराला लावलाय. "आजी, जेवलीस का? जेवली असशील तरच गोळी घे." आकडी टाकलेल्या भाषेत कुणी बोलत नाही, घरातल्यासारखंच. एक आजोबा त्या फोनला रोज उत्तर देतात, "जेवलो रे बाबा." ज्या फोनमध्ये हे होत नाही, तिथं आम्ही वारी लावलीय. रोज सकाळी एकीनं दोन घरी फोन करायचा. दोन मिनिटं लागतात. फोन उचलला नाही, तर चालत जायचं.

उपासाचं डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवतो. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, कोणत्या दिवशी काय खाणार आणि गोळी किती, हे त्यांनीच ठरवायचं. आपण आपल्या मनानं गोळी अर्धी करायची नाही आणि बंदही करायची नाही. शिवाय साबुदाण्याची खिचडी आणि वऱ्याचा भात हा उपास साखरेच्या दृष्टीनं मेजवानीच असतो, सकाळी घसरते आणि दुपारी उसळते. उपासाची ही अडचण फक्त आपलीच नाही बरं. आफ्रिकेत सेनेगल म्हणून देश आहे, तिथं २०१४ साली रमजानच्या महिन्यात मधुमेही लोकांच्या फोनवर रोजा कसा सांभाळायचा याचे संदेश पाठवायला लागले. आपल्याकडंही २०१६ साली केंद्र सरकारनं मिस्ड कॉल दिल्यावर मधुमेहाची माहिती संदेशातून पाठवायची योजना काढली होती. संदेश चांगलाच. पण आमच्या सातजणींपैकी पाचजणींना वाचता येत नाही. म्हणून आम्ही आवाजावरच भर दिला.

आता मीटरबद्दल. मीटर एकदाच घ्यायचं, पण पट्ट्यांचा खर्च चालूच राहतो, म्हणून उगाच दिवसात चारदा टोचत बसत नाही. किती वेळा तपासायचं ते डॉक्टरांना विचारायचं. हात साबणानं धुऊन कोरडे करायचे. आमच्या एका आत्याबाईंची साखर एकदा तीनशेच्या वर आली, घरात रडारड. नंतर कळलं, त्या आंबे पिळून उठल्या होत्या. हात धुऊन पुन्हा घेतली तर १५८. बोटाच्या टोकाला मधोमध टोचू नका, कडेला टोचा, दुखत नाही. पट्ट्यांची डबी घट्ट लावून ठेवा, चुलीशेजारच्या फळीवर नको, आणि मुदतीची तारीख बघा.

आकडा आला की मीटरचा फोटो काढायचा आणि सुनेच्या किंवा लेकाच्या फोनवर टाकायचा. पण फोटोत नुसता आकडा दिसतो, उपाशीपोटीचा की जेवल्यानंतरचा हे कळत नाही, आणि त्याशिवाय डॉक्टरांना त्याचा उपयोग नाही. लिहिता येत नाही तर काय करायचं? यावर तोडगा आमच्यातल्या सगळ्यात कमी शिकलेल्या बाईनं काढला. मीटरशेजारी पेला ठेवायचा. उपाशीपोटी असेल तर पालथा, जेवून दोन तास झाले असतील तर सुलटा. डॉक्टरांनी पहिल्यांदा ते फोटो बघितले तेव्हा विचारलं, हे पेले कशाला? सांगितल्यावर खुर्चीत मागं टेकून हसले. आता ते स्वतःच विचारतात, "पेल्याचे फोटो आणलेत का?" त्याच फोटोंवरून त्या एकादशीच्या आजींची गोळी बदलली. डॉक्टर म्हणाले, या वयात साखर अगदी तरण्या माणसासारखी खाली आणायचा हट्ट नको. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी तपासणी असते, तिचा आकडा थकलेल्या, बाकी दुखणी असलेल्या म्हाताऱ्या माणसात ८ च्या आत राहिला तरी पुष्कळदा पुरतो, घसरून पडणं जास्त महागात पडतं.

फोटो टाकायचे ते घरच्याच माणसाला, गटाच्या व्हॉट्सअॅपवर नाही. ही आमची दुसरी चूक. आम्ही सुरुवातीला सगळ्यांचे आकडे एकत्र टाकत होतो. लग्नाच्या पंगतीत एका आजीला कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "तुमची तर परवा २६० होती, जिलेबी कशाला घेता?" त्या ताटावरून उठल्या, आणि पुढं दोन महिने त्यांनी बोट पुढं केलं नाही. माणसाची साखर ही त्याची खासगी गोष्ट आहे.

तालुक्याला जायचं भाडं नसेल किंवा गुडघे साथ देत नसतील, तर उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी ताई ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलणं करून देतात. डॉक्टर पडद्यावर दिसतात, चिठ्ठी मिळते. आमच्या एका सासूबाई पहिल्या वेळी पदर डोक्यावर घेऊन फोनला नमस्कार करून बसल्या होत्या. रेंज मध्येच जाते, तेवढं धरून चालायचं. पण पायाला जखम असेल, बोट काळं पडलं असेल, छातीत दुखत असेल, तर पडद्यासमोर बसून वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. आणि पाय रोज बघायचे. तळवा स्वतःला दिसत नसेल तर नातवाला फोनवर तळव्याचा फोटो काढायला सांगा आणि मोठा करून बघा. आमच्याकडं एक बाभळीचा काटा असाच सापडला. मोडून आत राहिला होता, आजींना पत्ताच नव्हता.

एक सावधगिरी. बोट कॅमेऱ्यावर ठेवा, साखर सांगतो, अशी अॅप फिरतात. न टोचता साखर मोजणारी घड्याळं आणि अंगठ्या विकायला येतात. अमेरिकेतल्या औषध नियामक संस्थेनं २०२४ च्या फेब्रुवारीत लोकांना बजावलं, की न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावर चिकटवायचं एक यंत्र असतं, ते खरं आहे, पण त्याची बारीक तार कातडीखाली जाते आणि ते महाग आहे. तसंच, अमुक काढा प्या आणि गोळ्या फेका, असा निरोप आला तर तो पुढं पाठवू नका. आम्ही पाठवलेत, म्हणून सांगतोय.

आता वेळ संपत आली, बाहेर पुढच्या कार्यक्रमाची भजनी मंडळी टाळ घेऊन थांबलीत. येत्या बुधवारी दुपारी तीनला समाज मंदिरात बसणार आहोत. ज्यांच्या घरी मीटर आहे त्यांनी मीटर, पट्ट्या आणि म्हाताऱ्या माणसाचा फोन घेऊन या. नातवंड सोबत आणलंत तर बरं, आवाज त्याचाच भरायचाय. आणि एक पेलाही आणा.