केसपेपरवरचा आहाराचा रकाना



कुत्र्या-मांजरांच्या रोगनिदानाला आणि आहाराला वाहिलेल्या या परिषदेत स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचं पुण्यात मनापासून स्वागत करतो.

पशुरोगनिदानाशी पुण्याचं नातं जुनं आहे. औंधला पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था आहे, रोग अन्वेषण विभाग आहे. थोडं पुढे गेलं की शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय लागतं. 1886 साली मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं, तेव्हापासून आपल्या शिक्षणाचा पाया घोडे आणि गुरं यांच्यावर रचला गेला. कुत्रं दाराशी असायचं, मांजर माजघरात. घरात उरेल ते दोघांनी खायचं. आज ती दोघं घरातली माणसं झाली आहेत, म्हातारपणापर्यंत जगत आहेत. त्यामुळे लठ्ठपणा, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार आपल्या टेबलावर रोज येतात. तपासण्याही हाताशी आल्या आहेत. तरीही केसपेपरवरच्या आहाराच्या रकान्यात आपण बहुतेक वेळा दोनच शब्द लिहितो, ‘घरचं जेवण’. या दोन दिवसांत त्या दोन शब्दांच्या आत शिरावं, अशी माझी आपल्याला विनंती आहे.

तीन-चार महिन्यांचं लंगडणारं पिल्लू आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पालक हौसेनं सांगतात, ‘डॉक्टर, रोज बोनलेस चिकन आणि भात देतो.’ आपण रक्तातलं कॅल्शियम तपासतो आणि ते नॉर्मल येतं. येणारच! बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. मग पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांमधलं कॅल्शियम उपसून रक्तातली पातळी राखते. रिपोर्ट निर्दोष दिसतो आणि हाडं पोकळ होत जातात. एक्स-रेमध्ये कागदासारखी पातळ झालेली हाडं दिसतात, तोवर उशीर झालेला असतो. त्या पिल्लाचं निदान रक्ताच्या नळीआधी पालकाच्या एका वाक्यात होतं. आणि हे ऐकून मोठ्या जातीच्या धडधाकट पिल्लाला कुणी कॅल्शियमचं टॉनिक सुरू केलं, तर अतिरेकानेही त्याच्या हाडांची वाढ बिघडते. म्हणून आधी विचारायचं, मग मोजायचं आणि मगच द्यायचं.

मांजराच्या बाबतीत तर ही चौकशी जीव वाचवते. 1987 साली अमेरिकेत पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की मांजरांच्या हृदयाचा स्नायू ताणून दुबळा करणारा आजार टॉरिनच्या कमतरतेने होतो आणि टॉरिन दिल्यावर हृदय सुधारू शकतं. त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यातलं टॉरिन वाढवण्यात आलं. पण आपल्याकडच्या कितीतरी प्रेमळ घरांत मांजर दूध-पोळीवर वाढतं. टॉरिन, तयार स्वरूपातलं अ जीवनसत्त्व, अ‍ॅराकिडॉनिक आम्ल ही मांजराला प्राणिज आहारातूनच मिळतात. हे पालकांना समजावताना त्यांच्या श्रद्धेचा मान राखला पाहिजे आणि मांजराची गरजही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे.

उलट बाजूही आहे. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, की घरोघरी बीट आणि लोहाचं टॉनिक सुरू होतं. आपल्या भागात त्या कुत्र्याच्या रक्तात गोचिडांतून आलेला एर्लिकिया किंवा बबेसिया असण्याची शक्यता मोठी असते. आणि जेवणात कांदा असेल, तर रक्ताच्या स्मिअरवर तांबड्या पेशींत हाइन्झ बॉडीज दिसतील. एक काचपट्टी, एक सूक्ष्मदर्शक आणि पाहणारा डोळा, एवढ्यावर कमतरता, संसर्ग आणि विषबाधा यांचा माग सुरू होतो.

म्हातारं, वाळलेलं मांजर आलं, तर मूत्रपिंडासाठी फक्त क्रिएटिनिनवर विसंबू नये. स्नायू झडले, की तेही कमी दिसतं. एसडीएमए या चाचणीवर स्नायूंचा तसा परिणाम होत नाही. ती चाचणी नसेल, तर रिफ्रॅक्टोमीटरवर लघवीचा एक थेंब बरंच सांगतो. मूत्रपिंडाचा आजार ठरला, की फॉस्फरस कमी असलेला आहार हाच उपचाराचा कणा. अन्नाच्या अ‍ॅलर्जीत तर आहार हीच तपासणी आहे. रक्ताच्या किंवा लाळेच्या चाचण्यांवर तिथे भरवसा ठेवता येत नाही. किमान आठ आठवडे निवडक आहार आणि त्यानंतर जुनं अन्न पुन्हा देऊन पाहणं, हाच खात्रीचा मार्ग.

मित्रहो, 2011 साली वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटर्नरी असोसिएशनने ताप, नाडी, श्वसन आणि वेदना यांच्या बरोबरीने आहाराचं मूल्यमापन ही प्रत्येक भेटीतली पाचवी तपासणी मानली. ती करायला महागडं यंत्र लागत नाही. वजनकाटा, बरगड्यांवरून फिरणारा हात आणि नऊ अंकांचा बॉडी कंडिशन स्कोअर पुरतो. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात 48 लॅब्राडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावल्या होत्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न मिळालं. कमी खाणारा गट सुमारे दोन वर्षं जास्त जगला आणि त्याचे सांधेही उशिरा दुखू लागले. पालकांना याहून मोठी भेट आपण कोणती देणार?

इथे तालुक्याच्या दवाखान्यांतून आलेले अनेकजण आहेत. जवळ प्रयोगशाळा नसतानाही आपण जे निदान करता, त्याचा मला आदर आहे. ते अनुभव चर्चेत मोकळेपणाने मांडा. विद्यार्थ्यांनी संकोच न करता प्रश्न विचारावेत. हे व्यासपीठ त्यांचंही आहे.

स्वागत समितीची एकच अपेक्षा आहे. परिषद संपेपर्यंत आपण सर्वांनी मिळून आहाराच्या इतिहासाचा एक पानी मराठी तक्ता तयार करू या. काय खातो, किती खातो, कोण भरवतं, वरचा खाऊ काय मिळतो, कोणतं टॉनिक चालू आहे, एवढं त्यात असावं. उद्या समारोपाच्या सत्रात तो संमत व्हावा आणि परवापासून आपल्या प्रत्येक दवाखान्यात रक्ताचा नमुना घेण्यापूर्वी भरला जावा.

या आयोजनासाठी रात्रंदिवस राबलेले माझे सहकारी, विद्यार्थी स्वयंसेवक आणि आपल्या जनावरांच्या केसेस अभ्यासासाठी खुल्या करणारे पालक यांचा मी ऋणी आहे. आमच्या व्यवस्थेत काही उणं राहिलं, तर हक्कानं सांगा. आपणा सर्वांचं पुन्हा एकवार हार्दिक स्वागत करतो आणि उद्घाटकांना परिषदेचा प्रारंभ करण्याची विनंती करतो.