तळव्यावरचा डाग



कातडीच्या डॉक्टरला व्याख्यानास बोलावले म्हणजे मुरुमांवर आणि केस गळण्यावर काही औषध ऐकावयास मिळेल, या आशेने मंडळी येतात. आज त्यांची थोडी निराशा होणार आहे. मला बोलावयाचे आहे ते मुठीत मावणाऱ्या एका भिंगाविषयी आणि पायाच्या तळव्यावरील काळ्या डागाविषयी.

आरंभ माझ्याच एका चुकीपासून करतो. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत एक शेतकरी बाई हाताच्या खरजेसाठी माझ्याकडे आली होती. जाताजाता तिने टाच वर करून दाखवली. तीवर करंगळीच्या नखाएवढा काळा डाग होता. "काटा मोडला होता, बिब्बा घातला होता," ती म्हणाली. काटा काढल्यावर बिब्ब्याचा चटका देण्याची आपली रीत जुनी. मीही उभ्याउभ्याच बोलून गेलो, "बिब्ब्याचाच आहे, जाईल." बाई दोन वर्षांनी परत आली ती जांघेत गाठ घेऊन. डाग गेला नव्हता, मधोमध चिघळला होता. तो मेलॅनोमा होता, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. पुढचे सांगत नाही. आपण ओळखलेच असेल.

बिब्ब्याचा नुसता रंग असेल तर तो मेलेल्या कातडीत बसलेला असतो. ती कातडी झडली की रंगही जातो. "किती दिवस झाले, बाई?" एवढा एक प्रश्न मी विचारला नाही. आणि विचारला असता तरी त्या काळी माझ्याजवळ नुसत्या डोळ्यांखेरीज दुसरे साधन नव्हते.

आता डोळ्यांना अडचण कसली, ते पाहू. भजी बांधून आणलेल्या कागदावर तेलाचा डाग पडला की त्या जागी मागच्या बाजूची अक्षरे दिसू लागतात. कागद कोरडा असताना त्याच्या तंतूंमधल्या हवेमुळे प्रकाश विखुरतो. तेल ती हवा हटवते आणि वाट मोकळी होते. कातडीचेही तसेच आहे. तिच्या वरचा मृत पेशींचा थर प्रकाश परतवतो आणि आपल्याला दिसते ती बहुतांशी चकाकी. तीवर तेलाचा थेंब टाकला, वरून काच टेकवली आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिले, की नजर आत उतरते. डर्मोस्कोप म्हणतात तो हाच. आपण त्याला त्वचादर्शक म्हणू. हल्लीच्या पुष्कळ यंत्रांत तेलही लागत नाही. ध्रुवित प्रकाशाच्या योगाने चकाकी गाळून टाकतात.

कल्पना नवी नाही. 1920 च्या सुमारास म्युनिकच्या योहान सॅफिअर यांनी या पद्धतीला नाव दिले, 1971 मध्ये रोना मॅकी यांनी शस्त्रक्रियेपूर्वी डाग ओळखण्यासाठी तिचा उपयोग दाखवला, आणि 1987 मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी आतल्या आकृत्या वाचण्याचे शास्त्र बसवले. इतिहास एवढा पुरे.

आत काय दिसते, हे मात्र मोठे गमतीचे आहे. रंगद्रव्य एकच, मेलॅनिन; पण ते किती खोल आहे त्यावर त्याचा रंग ठरतो. अगदी वर असेल तर काळे, त्याखाली तपकिरी, आणखी खाली राखी, आणि खोल अंतस्त्वचेत असेल तर चक्क निळे! म्हणजे रंग पाहून डॉक्टर खोलीचा अंदाज बांधतो. आणि या रोगात सारे भवितव्य खोलीवर असते. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी 1970 मध्ये दाखवून दिले की मेलॅनोमाची जाडी मिलिमीटरमध्ये मोजली की रोग्याचे पुढे काय होईल ते पुष्कळसे सांगता येते. एक मिलिमीटरच्या आत असताना काढला तर बहुतेक माणसे वाचतात. दोन वर्षांत माझ्या त्या रोगिणीने काय गमावले, ते या हिशेबाने पाहा.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, हा गोऱ्या लोकांचा रोग. आपल्या सावळ्या कातडीला त्याचे काय? खरे आहे, आपल्यात तो विरळा. पण होतो तेव्हा पुष्कळदा तळवे, तळहात आणि नखे येथे होतो, आणि तेथे उन्हाचा काही दोष नसतो. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याला तो झाला होता. नखाखालचा डाग आधी फुटबॉलच्या दुखापतीचा वाटला. 1981 मध्ये ते वारले तेव्हा त्यांचे वय अवघे 36 होते.

तळव्याचे कोडे जपानने सोडवले. आपल्या तळव्यावर शेतातल्या सरी-वरंब्यांसारख्या रेषा असतात. शिन्शू विद्यापीठाचे तोशिआकी सायदा यांनी त्वचादर्शकातून पाहिले की साध्या तिळाचा रंग बहुधा सरींत असतो, तर मेलॅनोमाचा वरंब्यावर. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तळव्या-तळहातांवरच्या शंभरातल्या सुमारे 86 मेलॅनोमांत रंग वरंब्यांवर आढळला, आणि निरुपद्रवी तिळांपैकी शंभरातल्या 99 मध्ये तसा आढळला नाही. सरी कोणती आणि वरंबा कोणता, असा घोटाळा झाला तर घामाची छिद्रे शोधावीत. ती वरंब्याच्याच माथ्यावर असतात. नाहीतर शाई लावून पुसावी. वरंबे स्वच्छ होतात आणि शाई सरींत उरते. फाउंटनपेनची दौत दवाखान्यात अशी कामी येईल, हे आमच्या शाळामास्तरांच्या स्वप्नातही आले नसेल.

अपवाद आहेत. केसांच्या कलपाचा डाग तळव्याला लागला तर तोही वरंब्यावर बसून भिवविल. टाचेत साकळलेले रक्तही कधी फसवते. म्हणून शेवटचा निवाडा कातडीचा तुकडा तपासूनच होतो. यंत्र एवढेच सांगते की तुकडा कोणाचा घ्यावा आणि कोणाला सुरीशिवाय घरी पाठवावे. हे दुसरे कामही काही लहान नाही.

आणखी एक गोष्ट आम्हा डॉक्टरांना जरा टोचणारी आहे. 1995 मध्ये व्हिएन्नाच्याच मंडळींनी तपासून पाहिले, तेव्हा या पद्धतीचे शिक्षण घेतलेल्यांचे निदान सुधारले. न घेतलेल्यांचे यंत्र हाती येऊन सुधारले तर नाहीच, उलट बिघडले. तेव्हा डॉक्टरच्या टेबलावर त्वचादर्शक दिसला म्हणून भारून जाऊ नका.

एरवी हे भिंग रोजच्या कामाचे आहे. चामखीळ की कुरूप, हे त्यातून चटकन कळते. चामखिळीत रक्तवाहिन्यांचे बारीक ठिपके असतात, कुरुपात नसतात. खरजेचा किडा बिळाच्या टोकाशी इवल्याशा काळ्या त्रिकोणासारखा दिसतो. चाईत तुटलेले केस उद्गारचिन्हासारखे, मुळाशी बारीक दिसतात. केसांच्या आशेने आलेल्यांना एवढाच प्रसाद!

एक कळकळीची विनंती मात्र आहे. वाढणारा, रंग बदलणारा तीळ चुना-सोडा लावून जाळू नका. वरचा रंग जळतो, खालचा रोग राहतो, आणि मग आमच्या भिंगाला वाचावयास काही उरत नाही.

त्वचादर्शक मी बरोबर आणला आहे. सभा संपल्यावर येथे टेबलाशी या, आपल्या तळहाताच्या सरी आणि वरंबे पाहा. तळवा दाखवावयाचा असेल त्यांनी पाय धुऊन यावे. मागच्या बाजूस नळ आहे.