मे महिन्यातलं वाचनालय
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)

सकाळपासून इथे डॉक्टर बोलले, इंजिनिअर बोलले, पुण्या-मुंबईहून आलेले बोलले, परदेशातून आलेलेही बोलले. आता गावातच राहिलेली एक जण बोलणार आहे. दहावीनंतर तुम्ही एस.टी.त बसलात. माझा प्रवास शाळेच्या गल्लीतून वाचनालयाच्या गल्लीपर्यंत, एवढाच. गेली तीस वर्षं मी तिथे ग्रंथपाल आहे. संयोजकांनी मला ‘वाचनाचे महत्त्व’ हा विषय दिला होता. त्यावरचा निबंध आपण सगळ्यांनी नववीत लिहिलेला आहे आणि बाईंनी तो तपासलेलाही आहे. तो पुन्हा नको. मी मे महिन्याबद्दल बोलते.

तुमच्या आठवणीतला मे म्हणजे आंबे, विहिरीवरचं पोहणं, पत्त्यांचे डाव आणि मामाचं गाव. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा मे असाच गेला. पण आपल्याच वर्गात शेवटच्या बाकांवर बसणारी काही मुलं दिवाळीनंतर दिसायची नाहीत, आठवतं का? हजेरीत त्यांच्या नावापुढे ओळीने गैरहजेरी लागायची. त्यांचे आईवडील ऊसतोडीला जायचे आणि मुलांना बरोबर न्यायचे. ते आजही चालू आहे. हंगामी वसतिगृहं आली, फरक पडला, पण थांबलं नाही. कारखान्याचा पट्टा पडला की चैत्राच्या आसपास ही कुटुंबं परत येतात. आणि ती परत येतात तेव्हा शाळा कुठे असते? वार्षिक परीक्षेत, आणि लगेच सुट्टीत.

म्हणजे आपण जिला उन्हाळ्याची सुट्टी म्हणतो, तोच या मुलांचा गावात असण्याचा काळ. त्या काळात शाळेला कुलूप असतं आणि गावात त्यांच्यासाठी दार उघडं असलेली एकच जागा उरते. ती म्हणजे वाचनालय. हे समजायला मला ग्रंथपाल झाल्यावरही वीस वर्षं लागली, हे कबूल करते.

समजलं कसं, तेही सांगते. आपल्या ग्रुपवर अमेरिकेतल्या आपल्या एका मित्राने त्याच्या गावच्या लायब्ररीतले फोटो टाकले. जूनमध्ये मुलांची रांग, हातात कार्ड, गोष्टी सांगणारी बाई, कोपऱ्यात एक कुत्रा आणि त्याला पुस्तक वाचून दाखवणारी एक मुलगी. खाली त्याने लिहिलं होतं, “आपल्या वाचनालयात असं काही का नाही?” खरं सांगते, मला राग आला. मनात म्हटलं, बाबा रे, तुझ्याकडे वातानुकूलित हॉल आहे, माझ्याकडे दोन पंखे आणि भारनियमन. उत्तर दिलं नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना.

मग वाचत गेले. तिकडे लायब्ररींचे उन्हाळी वाचन उपक्रम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालू आहेत. बार्बरा हेन्स नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अटलांटा शहरातल्या सहावी-सातवीच्या मुलांचा अभ्यास केला, त्यावरचं त्यांचं पुस्तक १९७८ साली आलं. त्यांना आढळलं ते असं: शाळा चालू असते तेव्हा गरीब आणि सुखवस्तू घरांतली मुलं त्यातल्या त्यात जवळ असतात, सुट्टी लागली की त्यांच्यातलं अंतर वाढतं. आणि सुट्टीतल्या सगळ्या गोष्टींत शिकण्याशी सर्वांत घट्ट नातं कशाचं, तर पुस्तकं वाचण्याचं. त्या काळात मुलांच्या कामी सर्वांत जास्त येणारी सार्वजनिक संस्था त्यांना दिसली ती वाचनालय. मला तेव्हा अटलांटा दिसलं नाही. आपले शेवटचे बाक दिसले.

आणि उन्हाळ्यात लोकांना चार शहाण्या गोष्टींसाठी एकत्र बसवणं आपल्याला नवीन आहे का? न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, तीही ऐन मे महिन्यात. मग आपण मे महिन्यात वाचनालय अर्धवेळ का ठेवत होतो? कारण सभासद गावाला जातात म्हणून! सभासद नसलेले गावात असतात, याचा विचारच केला नव्हता.

तर पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने स्पर्धा ठेवली. मे महिन्यात जो सर्वांत जास्त पुस्तकं वाचेल त्याला सायकल. सायकल एका व्यापाऱ्याने दिली. फलक लावला, पेपरात बातमी आली. एका मुलाने आठ दिवसांत चाळीस पुस्तकं बदलली. मी एकदा विचारलं, या गोष्टीत शेवटी काय होतं? तो म्हणाला, “मावशी, शेवट वाचला तर पुढचं पुस्तक कधी घेऊ?” त्याचं काय चुकलं? मीच त्याला मोजायला लावलं होतं.

पण मला लागलं ते दुसरंच. एक मुलगी होती, नुकतीच कारखान्यावरून आलेली, पाचवीतली. ती एकच पुस्तक रोज घ्यायची, ओळीवर बोट ठेवून वाचायची, पान संपेपर्यंत तास व्हायचा. आठवडाभर आली. मग मी भिंतीवर सगळ्यांच्या नावांपुढे पुस्तकांचे आकडे लिहिलेला तक्ता लावला. तिच्या नावापुढे शून्य होतं, कारण पुस्तक अजून संपलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मी निरोप पाठवला, तरी आली नाही. जिच्यासाठी हे सगळं मांडलं, तिलाच मी माझ्या हाताने शून्य दिलं होतं. तो तक्ता मी फाडला, पण ते व्हायचं ते झालं होतं.

पुढच्या वर्षापासून स्पर्धा बंद. आता प्रत्येक मुलाला एक कार्ड मिळतं आणि वाचनालयात येऊन बसलं की त्या दिवसाचा शिक्का. किती वाचलं, हे कुणी विचारत नाही. चित्रं पाहिली तरी शिक्का, दुसऱ्याने वाचलेलं ऐकलं तरी शिक्का. महिनाअखेर ज्यांचे वीस शिक्के होतात, त्या सगळ्यांना आपल्या पसंतीचं एक पुस्तक घरी ठेवायला मिळतं. कायमचं. अनेक घरांत पाठ्यपुस्तक सोडून शिरलेलं ते पहिलं पुस्तक असतं.

वेळही बदलावी लागली. आधी सकाळी आठला ठेवली होती, ऊन चढायच्या आत म्हणून. निम्मी मुलं येईनात. कारण आठ वाजता टँकर येतो आणि घागरी धरायला मुलंच असतात. मग आम्ही नऊ ते अकरा केलं. टँकरची वेळ बदलली की आमचीही बदलते. तिकडच्या लायब्ररीच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं नाही, आपलं आपल्याला शोधावं लागतं.

मुलं यायला लागली तशी त्यांच्या मागे मोठी माणसंही आली. मे महिन्यात माहेरी आलेल्या मुली आहेत, त्यांच्यासाठी संध्याकाळी एक बैठक सुरू केली. एकदा जात्यावरच्या ओव्या ठेवल्या. गावातल्या म्हाताऱ्या आधी येईनात, “आम्हाला कुठं वाचता येतं?” म्हणाल्या. म्हटलं, तुम्ही वाचायचं नाही, सांगायचं, आम्ही लिहून घेतो. त्या दिवशी रात्री साडेनऊला मला दिवे बंद करावे लागले, तरी बायका उठेनात. दहावी-बारावीचे निकाल लागले की प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज भरायला मुलं येतात, कारण कोणता पर्याय आधी टाकायचा हे सांगणारं घरात कुणी नसतं. अभ्यासिकेत भरतीची तयारी करणारी मुलं आहेत, तीच हे अर्ज भरून देतात. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं पहिलंच सूत्र पुस्तकं जपण्याबद्दल नाही, वापरण्याबद्दल आहे. मी ते परीक्षेला पाठ केलं होतं. कळलं ते त्या ओव्यांच्या रात्री.

आता अडचण सांगते. तुमच्यापैकी अनेकांना वाटतं की वाचनालय सरकारी आहे. तसं नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली आपल्याला मान्यता आहे आणि अनुदान मिळतं, पण चालवते ती गावातली संस्था. अनुदानात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल आणि आमचे तुटपुंजे पगार जेमतेम बसतात. तरी पैशाची अडचण मी कशीबशी काढते. माणसांची काढता येत नाही. गेल्या मे महिन्यात बालविभागात रोज पन्नासेक मुलं होती आणि मी एकटी. बोट ठेवून वाचणाऱ्या मुलाजवळ कुणीतरी बसावं लागतं. तो अडखळला की शब्द सांगायचा आणि पुन्हा गप्प बसायचं, एवढंच काम. पण एका वेळी ते एकाच मुलाजवळ करता येतं. मी पुढच्या टेबलाकडे गेले की मागचा पुस्तक मिटतो. अशीच गत राहिली तर येत्या मे महिन्यात मला मुलांची संख्या मर्यादित करावी लागेल. आणि मर्यादा घातली की बाहेर कोण राहतं, ते तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही प्रेमाने पुस्तकांची खोकी पाठवता. रागावू नका, पण आज सांगतेच. त्यात जुन्या गाइड असतात, गेल्या वर्षीच्या डायऱ्या असतात, एकदा तर टेलिफोन डिरेक्टरी होती. ती खोकी उघडायला, निवडायला आणि रद्दीत घालायला माझे दोन दिवस जातात. खोकी नकोत. तुम्ही या.

आता शेवटची गोष्ट. कोरोनाच्या काळात वाचनालय बंद होतं तेव्हा मी जुनी दप्तरं वाळवीपासून वाचवायला बाहेर काढली. त्यात आपल्या वेळचं अनामतीचं रजिस्टर निघालं. तेव्हा बालविभागाची अनामत दहा रुपये होती. माझ्या घरून ते मिळणं शक्य नव्हतं. आपल्या मराठीच्या बाईंनी ते भरले आणि मला म्हणाल्या, “कमवायला लागलीस की दे.” मी समजत होते की बाईंनी हे फक्त माझ्यासाठी केलं. त्या रजिस्टरात, त्याच वर्षी, अकरा मुलांच्या नावांपुढे जामीनदार म्हणून बाईंचीच सही आहे. अकरापैकी काही जण आज या सभागृहात आहेत. नावं घेणार नाही, बाई समोर बसल्या आहेत आणि त्यांनी आत्ताच मला डोळ्यांनी दटावलं आहे. अनामतीच्या त्या रकान्यात रक्कम परत केल्याची नोंद नाही. म्हणजे हिशोबाने बाईंचे एकशे दहा रुपये अजून वाचनालयाकडे जमा आहेत.

बाई, मी कमवायला लागून तीस वर्षं झाली आणि ते दहा रुपये मी दिले नाहीत. आज द्यायला आणले होते. सकाळी पायाशी बसले तेव्हा तुम्ही घेतले नाहीत, म्हणालात, “कुणाची तरी अनामत भर.” भरते.

बाकीच्यांना माझं मागणं एवढंच. दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. तुम्ही मे महिन्यात गावी येताच, घराला, शेताला, लग्नाला. त्यातले दोन दिवस, सकाळी नऊ ते अकरा, वहीत लिहून द्या. भाषण करायचं नाही, मार्गदर्शन करायचं नाही. एका मुलाशेजारी बसायचं. बँकेतल्यांनी हवं तर पैसे भरायची स्लिप कशी लिहायची ते दाखवावं, नर्स असलेल्या आपल्या मैत्रिणीने जखम कशी बांधायची ते. निवृत्त झालेल्या सर आणि बाईंनाही हात जोडून विनंती: तुम्ही गावातच आहात, तुम्हाला तर रोज यायला हरकत नाही. तिथे परीक्षा नाही, तपासणी नाही आणि हजेरीपट मी सांभाळते.

ती पाचवीतली मुलगी आता कुठे आहे, मला ठाऊक नाही. परत आली तर या वेळी तिच्या शेजारची खुर्ची रिकामी असू नये, एवढंच वाटतं.

वही दाराशी आहे. पेनही ठेवलं आहे.