आश्रमाचे घर कसे होते?



विदर्भात उमरखेडच्या परिसरात उटी नावाचे एक गाव आहे. सीताराम गावंडे नावाचे शेतकरी तेथे जवळपास एकशे दहा वर्षे जगले. उतारवयात ते काठी टेकत चालत, कानांनी अगदी कमी ऐकू येई, उठताबसताना कधी कधी आधार लागे. तथापि, रोज रात्री घोड्यावर बसून आपली सारी शेते नजरेखालून घालण्याचा नेम त्यांनी सोडला नव्हता. घरच्यांनी हा नेम मोडला नाही. त्यांनी त्यांच्यासाठी बेताच्या उंचीचा एक लहान घोडा आणला आणि सोबत कोणीतरी असेल एवढी काळजी घेतली. मृत्यूच्या वर्षापर्यंत ही फेरी चालू होती.

ही हकीकत जगापुढे आणली ती त्यांचे नातू, अमेरिकेतील ख्यातनाम शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे यांनी, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या 'बीइंग मॉर्टल' या ग्रंथात. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे हे उटीहून निघून अमेरिकेतील ओहायो राज्यात स्थायिक झालेले मूत्ररोगतज्ज्ञ. आईच्या स्मरणार्थ त्यांनी उमरखेडला महाविद्यालय उभे केले. असे हे घराणे.

ही गोष्ट ऐकून 'आपली कुटुंबपद्धती श्रेष्ठ, वृद्धाश्रम हे पाश्चात्त्यांचे खूळ' असा निष्कर्ष काढून मोकळे होणे सोपे आहे. खुद्द नातवाने तो काढलेला नाही. सीतारामजींच्या दिमतीला मुले, सुना, नातवंडे होती आणि जमिनीची सूत्रे त्यांच्याच हाती होती. आज मुलगा बंगळूरला, मुलगी न्यू जर्सीला आणि आईवडील डोंबिवलीच्या दोन खोल्यांत, हे चित्र घरोघर दिसते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील माणसे दहा कोटींहून अधिक होती. ज्या सुनेच्या बळावर म्हातारपण निभावत असे, ती सून आता सकाळी सातच्या लोकलने कामावर जाते. तेव्हा वृद्धाश्रम असावेत की नसावेत हा वाद आता मागे पडला आहे. ते असणारच आहेत. आत राहणाऱ्या माणसाला तेथे कसे जगता येईल, हा आजचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर संस्था चालविणाऱ्यांनी द्यावयाचे आहे.

तीन व्याधी

१९९१ साली अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील न्यू बर्लिन या लहानशा गावी चेस मेमोरियल नावाच्या शुश्रूषागृहात बिल थॉमस हे एकतीस वर्षांचे डॉक्टर वैद्यकीय संचालक म्हणून रुजू झाले. संस्थेत ऐंशी वृद्ध होते. निम्मे शरीराने पंगू, पाचांपैकी चौघांना स्मृतिभ्रंश वा तत्सम विकार. औषधे वेळेवर मिळत, जेवण वेळेवर येई, फरशी स्वच्छ असे. नियमावलीच्या कसोटीवर बोट ठेवण्यास जागा नव्हती. तरीही थॉमस यांना ते ठिकाण निर्जीव वाटले. तपासण्या करून पाहिल्या, औषधे बदलून पाहिली, उपयोग झाला नाही. अखेरीस त्यांनी निदान केले ते तीन व्याधींचे: कंटाळा, एकाकीपण आणि अगतिकता.

या निदानावर त्यांनी योजलेला उपाय विलक्षण होता. ते स्वतः शेतावर राहत, आणि संस्थेत जिवंतपणा आणावयाचा तर जिवंत वस्तूच आणाव्यात असे त्यांच्या मनाने घेतले. खोल्याखोल्यांतून हिरवी झाडे ठेवली गेली. हिरवळ खणून भाजीपाला व फुलबाग केली. कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आवारातच पाळणाघर निघाले. दोन कुत्री, चार मांजरे, ससे, अंडी देणाऱ्या कोंबड्या आणि पोपटाच्या जातीचे शंभर लहान पक्षी आले. पक्षी आले तेव्हा पिंजरे पोहोचलेलेच नव्हते! पक्षी केशकर्तनाच्या खोलीत सोडून दिले गेले, आणि त्या उडालेल्या गोंधळात वृद्ध मंडळी काचेबाहेर उभी राहून पोट धरधरून हसली.

पुढे काय झाले? दुसऱ्या एका शुश्रूषागृहाशी तुलना करून दोन वर्षे नोंदी ठेवण्यात आल्या. माणशी लागणाऱ्या औषधांची संख्या तुलनेच्या संस्थेच्या निम्म्यावर आली. विशेषतः अस्वस्थ रुग्णांना शांत ठेवण्यासाठी दिली जाणारी औषधे घटली. औषधांचा एकूण खर्च त्या संस्थेच्या ३८ टक्के एवढाच राहिला, मृत्यूचे प्रमाण १५ टक्क्यांनी कमी झाले. एका संस्थेच्या आकड्यांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, आणि यातील नेमके कोणते श्रेय कोणाचे हेही वेगळे काढता येत नाही. तथापि, ज्यांना बोलता येत नाही असे समजले जात होते ती माणसे बोलू लागली, आणि अंथरुणाला खिळलेली काही माणसे कुत्र्याला फिरवून आणतो म्हणून पुढे आली, हे तेथील कर्मचाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले.

नेतृत्वाची कसोटी

या कथेतील पशुपक्षी सर्वांच्या लक्षात राहतात. संस्थाचालकांनी लक्षात ठेवावा असा भाग निराळाच आहे.

कुत्र्यामांजरांना मुभा देणारा राज्याचा नियम अत्यंत संकुचित होता. अपवादासाठी अर्ज करावा लागला, सरकारी अधिकाऱ्यांपुढे बाजू मांडावी लागली. संस्थेच्या प्रमुखांना हा सारा प्रकार धाडसाचा वाटत होता, तरी त्यांनी नव्या माणसाला नाही म्हटले नाही. खरी अडचण घरातच उभी राहिली. कुत्र्याने फरशी घाण केली तर ती कोणी पुसावयाची? प्रशिक्षित परिचारिकांना वाटे, हे आपले काम नव्हे. मदतनिसांना वाटे, अंघोळी घालाव्यात, कपडे बदलावेत, की पाखरांना दाणे टाकावेत? आधीच हात अपुरे, त्यात हा वाढीव व्याप. कर्मचाऱ्यांत तट पडले, वादावादी झाली.

हा विरोध आडमुठेपणाचा होता असे म्हणून चालणार नाही. वर्षानुवर्षे त्या माणसांना एकच शिकविले गेले होते, की ठरलेली कामे ठरल्या वेळी संपवा. कामाचे मोजमाप तेच, शाबासकीही त्याचीच. ऐंशी वर्षांच्या माणसाने स्वतः शर्टाची बटणे लावली तर दहा मिनिटे जातात, मदतनिसाने लावली तर एक. जेथे मिनिटांचा हिशेब घेतला जातो तेथे बटणे मदतनीसच लावणार, आणि त्या बटणांबरोबर म्हाताऱ्याच्या हातून आणखी एक गोष्ट कायमची निसटणार. याचा दोष त्या मदतनिसाकडे जात नाही. हिशेबाची वही ज्याने आखली त्याच्याकडे तो जातो.

सेवकाला अधिकार

थॉमस यांना पुढे उमगले, की जुन्या इमारतीत नवी पाखरे आणून भागत नाही, रचनाच बदलावी लागते. ही संधी मिळाली ती मिसिसिपी राज्यातील ट्युपेलो येथे. मेथडिस्ट चर्चशी संलग्न असलेल्या तेथील ना-नफा संस्थेच्या चालकांनी नव्या मोठ्या इमारतीचा बेत बाजूला ठेवला आणि २००३ साली चार स्वतंत्र घरे बांधली. प्रत्येक घरात दहाच वृद्ध. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, मध्ये उघडे स्वयंपाकघर आणि सर्वांना एकत्र बसता येईल असे एक मोठे जेवणाचे टेबल. 'ग्रीन हाउस' या नावाने हा प्रयोग ओळखला जातो.

या घरांचे खरे वैशिष्ट्य मात्र विटांपलीकडचे आहे. एरवीच्या शुश्रूषागृहात शुश्रूषा करणारी मदतनीस ही उतरंडीतील तळाची व्यक्ती असते. ग्रीन हाउसमध्ये तिला 'शाहबाज' हे फारसी नाव दिले गेले. शाहबाज म्हणजे राजाचा ससाणा. नाव भारदस्त दिले तसा अधिकारही दिला. तिला १२० तासांचे अधिकचे प्रशिक्षण मिळते. त्याच दहा माणसांचा स्वयंपाक, त्यांची अंघोळ, कपडे, गप्पा हे सारे तिच्याकडे आणि तिच्या जोडीदारांकडे. कोण केव्हा कामावर येणार, आज काय शिजणार, हे ती मंडळी आपसांत ठरवितात. परिचारिका व डॉक्टर वैद्यकीय जबाबदारी पूर्ण सांभाळतात, परंतु घरात पाहुण्यासारखे येतात. एखाद्या आजोबांना उशिरा उठावयाचे असेल तर त्यासाठी वरिष्ठांची चिठ्ठी लागत नाही.

मिनेसोटा विद्यापीठाच्या रोझली केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चार घरांची तुलना दोन पारंपरिक संस्थांशी केली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जीवनमानाच्या अनेक अंगांत ही घरे सरस ठरली आणि शुश्रूषेचा दर्जा कोठेही खालावलेला आढळला नाही. कोरोनाच्या संकटात या प्रकारच्या लहान घरांत संसर्ग आणि मृत्यू मोठ्या संस्थांपेक्षा कमी होते, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून दिसले.

याच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहावा. अमेरिकेतील शुश्रूषागृहांच्या २०१७-१८ मधील हजेरीच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात, शुश्रूषा-कर्मचारी वर्षभरात बदलण्याचे सरासरी प्रमाण १२८ टक्के निघाले. याचा सरळ अर्थ असा, की शंभर जागांच्या संस्थेतून वर्षभरात सरासरी एकशे अठ्ठावीस माणसे सोडून जातात. ज्या आजींना स्मृतिभ्रंश झाला आहे त्यांच्यासाठी दर महिन्याला अंघोळ घालणारा हात अनोळखी असतो. मग त्या ओरडतात, ओरडतात म्हणून झोपेची गोळी मिळते, आणि गोळीमुळे त्या पडतात. रोगाचे मूळ कोठे आणि औषध कोठे!

आपल्या दाराशी

ग्रीन हाउस स्वस्त नाही. वीस वर्षांनंतरही अमेरिकेत अशी घरे काही शेकड्यांतच मोजावी लागतात, तर पारंपरिक शुश्रूषागृहे सुमारे पंधरा हजार आहेत. तेव्हा ते जसेच्या तसे उचलून आपल्याकडे आणावे असे कोणी सुचविणार नाही. परंतु त्यामागील तत्त्वाला पैसा लागत नाही.

आपल्या देशात २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा झाला. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी निदान एक वृद्धाश्रम राज्य शासनाने उभारावा, अशी त्यात तरतूद आहे. खाटांचा आकडा कायद्याने सांगता येतो. त्या खाटेजवळ कोण बसणार आणि किती वर्षे बसणार, हे मात्र कायदा सांगू शकत नाही.

समाजाच्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांमध्ये नफा खाणारा मालक नसतो, ही त्यांची मोठी जमेची बाजू. पण नफा नसला म्हणजे आपुलकी आपोआप येते हा गोड गैरसमज आहे. विश्वस्त मंडळाच्या सभेत बांधकाम, देणगीदारांचा सत्कार, लिफ्टची दुरुस्ती यांवर दोन-दोन तास चर्चा होते. रात्रपाळीच्या मावशींना पगार किती, त्यांना रजा मिळते का, गेल्या वर्षभरात किती मावशी सोडून गेल्या आणि का गेल्या, हे विषयपत्रिकेवर किती वेळा येते? 'सेवा' हा शब्द उच्चारून कमी पगाराचे समर्थन करणे ही तर सेवेची विटंबनाच होय. सेवा विश्वस्ताने करावयाची असते. मावशींना पोट भरावयाचे असते, आणि तरीही त्या जीव लावतात.

काही गोष्टी उद्यापासून करता येतील. त्याच मावशी त्याच आठ-दहा जणांकडे राहतील अशी पाळी लावावी. प्रत्येक खोलीच्या दारावर केवळ नाव न लिहिता ती व्यक्ती कोण होती हेही लिहावे. आपण साऱ्यांनाच 'आजी' म्हणतो, त्यात माया आहे. पण त्या आजी तीस वर्षे गणित शिकवीत होत्या हे कळले तर मावशींचा मुलगा वही घेऊन त्यांच्याकडे येईल. तुळशीला पाणी कोणी घालावयाचे, भाजी कोणी निवडावयाची, आरतीचे ताट कोणी सजवावयाचे, ही कामे रहिवाशांची असावीत, वेळ लागला तरी. आणि दर सभेत एक मावशी व एक रहिवासी यांना बोलावून त्यांचे म्हणणे आधी ऐकावे, हिशेब नंतर वाचावा.

उटीच्या त्या घरात वृद्धशास्त्र शिकलेले कोणी नव्हते. रात्री घोड्यावर बसणे या वयात धोक्याचे, हे त्यांनाही दिसत होते. घोडा विकून टाकणे हा सुरक्षित मार्ग होता, आणि आजच्या बहुतेक संस्थांच्या नियमावलीने तोच सुचविला असता. त्यांनी लहान घोडा शोधला आणि सोबतीला माणूस दिला. वृद्धांची संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाला दररोज एवढेच ठरवावयाचे असते: घोडा काढून घ्यावयाचा, की लहान घोडा शोधावयाचा. आणि तो शोधून आणणारी मावशी उद्याही कामावर येईल, याची तजवीज करावयाची असते.